तुम्ही कुठे बसला होतात?

टेक्सार्काना गावात एक रस्ता आहे,
त्याच्या मधल्या पट्ट्यावरून राज्याची हद्द जाते.
पोस्टाची इमारत तर हद्दीवरच मांड ठोकून बसलेली,
एक पाय टेक्सासात, एक आर्कान्सात.
सहलीला आलेले लोक तिथे हसून फोटो काढतात.

व्हर्लीन हचिन्स फोटो काढायला थांबली नव्हती.
वृद्धाश्रमात चाळीस जणांची लापशी ढवळून
घरी निघाली होती, तर गाडीचा गिअर अडकला
नेमका तिथेच, वळणावर, पहाटे पाचला.
मेकॅनिकने आकडा सांगितला.
तिने फोन काढला, तीनशे डॉलर मागितले.
मागितले म्हणजे काय, अंगठा टेकवला.
पूर्वी तो शाईत बुडवावा लागे,
आता नुसती काच पुरते.

जूनपासून सहाशे भरून झालेत.
मुद्दल जागच्या जागी,
भाड्याने ठेवलेल्या माणसासारखं.

लिटल रॉकच्या कचेरीतली मुलगी गोड बोलली:
सतरा टक्क्यांवर व्याज इथे चालत नाही, बाई,
आमच्या राज्यघटनेतच आहे तसं.
मग हे कर्ज बेकायदा?
तसं मी म्हणू शकत नाही.
मग कायदेशीर?
तसंही नाही म्हणता येत.
कंपनीकडे आमचा परवाना नाही,
म्हणून ती आमच्या यादीत नाही,
आणि यादीत नाही तिला नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडू?

ऑस्टिनचा माणूस म्हणाला, तुम्ही तिकडच्या.
कंपनीचा माणूस (त्याचं नाव दर वेळी वेगळं)
म्हणाला, आमची कचेरी आदिवासींच्या राखीव भूमीवर,
तिथे ना हे राज्य ना ते.
पैसे मात्र एका बँकेतून येत, दुसरीत जात,
आणि त्या दोघी तिसऱ्याच राज्यांतल्या.

तिने त्या भूमीवरच्या पत्त्यावर पत्र टाकलं.
तीन आठवड्यांनी तेच पत्र परत आलं,
मागे पेन्सिलीने चार ओळी:
इथे एक खोली आहे, एक फॅक्स, आणि मी.
शुक्रवारी टपाल उचलते, त्याचे तासाला अकरा मिळतात.
तुमचे पैसे मी पाहिलेले नाहीत.
माझ्या बहिणीनेही असंच कर्ज काढलंय, दुसऱ्या कुणाकडून.
खाली सही, लिओना पेटीकोट्स.
व्हर्लीनने ते पत्र फ्रिजवर लावलंय, चुंबकाखाली.
या सगळ्यांत सरळ उत्तर तेवढं एकच.

मग पुन्हा लिटल रॉक. तीच मुलगी. नवा प्रश्न:
बटण दाबलंत तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात?
म्हणजे?
म्हणजे, कुठल्या राज्यात?

रविवारी दुपारी व्हर्लीन भावाला घेऊन रस्त्यावर गेली.
एल्बर्टने ट्रक आडवा घालून वाहनं थोपवली,
हिने शिवणाची टेप काढली.
तेलाचा डाग अजून डांबरावर होता.
डागापासून सीट इतकी इंच मागे,
सीटपासून हात इतका पुढे.
मागचा हॉर्न वाजत राहिला. वाजू दे म्हणाली.

सोमवारी तिने फोनवर सांगितलं,
कमरेपासून मी आर्कान्सात होते.
अंगठा टेक्सासात.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
कीबोर्डचा आवाज, थांबलेला.
मग मुलगी हलकेच म्हणाली, फॉर्मवर एकच चौकोन आहे.
थांबा, साहेबांना विचारते.

वाजू लागलं ते वाट पाहायचं संगीत.
फोन खांद्याला दाबून व्हर्लीन लापशी ढवळते आहे,
चाळीस वाडगे ओळीने,
तीन नंबरच्या खोलीला मीठ नको,
अकराला साखर वेगळी.
आज शुक्रवार नाही.
शुक्रवारी पहाटे चारला नव्वद जातील खात्यातून,
झोपेतच,
कुणालाही न विचारता ती कुठे झोपली आहे.